उघडं पोस्टकार्ड

६ जानेवारी १९८६, सोमवार

आजपासून मी चौकशीच्या खिडकीवर. इतकी वर्षं आत पंख्याखाली बसून लोकांच्या रजा मांडल्या, आता लोकांची तोंडं बघायची. नंदकिशोर निवृत्त झाला, त्याच्या जागी बसायला कोणी तयार होईना, म्हणून खिडकी माझ्या गळ्यात पडली. मोठे साहेब म्हणाले, "प्रेमाबाई, तुम्ही फटकळ आहात, तुम्हालाच जमेल." ही स्तुती होती की काय, मला अजून कळलेलं नाही.

खिडकीपुढे सगळ्या बायकाच. पालिकेच्या प्रसूतिगृहांत आया भरायच्या होत्या, त्याच्या मुलाखती गेल्या गणपतीच्या आधीच उरकल्या. ज्यांची निवड झाली त्या कामावर रुजूसुद्धा झाल्या. उरलेल्या हजारभर जणींना मात्र कोणी चकार शब्द कळवलेला नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. झालं तर पत्र, नाही झालं तर काहीच नाही. तोंडी निकाल सांगायचा नाही, असा वर आणखी नियम. मग त्या भांडुपहून, मुलुंडहून, कुठून कुठून घाटकोपरला येतात आणि रांग लावतात. नंदकिशोर प्रत्येकीला एकच शब्द सांगायचा, "कळवू."

मी ठरवलंय, हा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. माणसाला हो किंवा नाही सांगून मोकळं करावं. मला थापा जमत नाहीत, घरीही नाही आणि दारीही नाही.

८ जानेवारी, बुधवार

दिवसभर एकच प्रश्न, "बाई, माझं काय झालं?" आणि माझं एकच उत्तर, "यादी माझ्याकडे नाही." घसा बसला.

एक बाई मात्र वेगळीच निघाली. भांडुपच्या टेकडीवर राहणारी, जानकी नाव. पस्तिशीची असेल, कपाळ मोकळं, सातवीतली मुलगी सोबत. तिने विचारलं, "अजून काय ठरूक नाय ना?" मी म्हटलं, "मला ठाऊक नाही." तर ती चक्क हसली. "बरां झालां," म्हणाली आणि पोरीचा हात धरून निघून गेली. येण्याजाण्याचे पैसे खर्चून हे ऐकायला कोण येतं? बाई जरा खुळीच दिसते.

९ जानेवारी, गुरुवार

नव्या प्रशासकीय अधिकारी अनुपमा मॅडम बोरिवलीहून येतात. वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी कमी, पण मला अहोजाहो करतात. त्यांनी आज सगळ्यांना बोलावून सांगितलं, की अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर गेलंच पाहिजे. नाही म्हणायचं असलं तरी. "ती माणसं आपल्या दारात ताटकळत उभी असतात, प्रेमाताई. हे सभ्यपणाचं नाही."

मी मनात म्हटलं, अखेर शहाणं माणूस आलं.

लेखा शाखेने लगेच नाक मुरडलं. हजार पाकिटांना तरतूद नाही. तेव्हा मी म्हटलं, "पोस्टकार्डं पाठवा ना. स्वस्तात काम होईल." मॅडमचा चेहरा उजळला. मजकूर मी लिहायचा ठरलं. त्यांनी एक मसुदा दिला होता, त्यात "कळविण्यास खेद वाटतो" असं होतं. मी ते काढून टाकलं. खेद कोणाला वाटतोय इथे? सरळ लिहिलं, "आया या पदासाठी आपली निवड झालेली नाही." लहान मुलालाही कळेल असं.

१९ जानेवारी, रविवार

दिंडोशीची मंडळी सुगंधाला बघून गेली त्याला महिना होत आला. सुगंधा माझी धाकटी नणंद, एकोणतीस सरतंय, इथेच मुलुंडला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मुलगा बरा होता, जरा अबोल होता. उठताना त्याचे वडील म्हणाले, "कळवतो." तेव्हापासून कळवताहेत.

ह्यांना म्हटलं, एक फोन करून विचारा. तर हे पेपरात डोकं घालून बसले. सासूबाईंनी तर सुगंधाला हल्ली टाकून बोलायचंच सोडलंय. एरवी सकाळ-संध्याकाळ तिच्या लग्नावरून, नागोठण्याहून आलेल्या बिजवराच्या स्थळावरून घरात कटकट असते, आता शांत आहे. सुगंधा गाणी गुणगुणत पोळ्या लाटते. लोक असे लटकत कसे राहू शकतात, मला समजत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

कार्डं गेली! तीन आठवडे पत्ते लिहून बोटं आखडली. शिपाई धाकू पोस्टात पोतं घेऊन गेला तेव्हा मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला. "अशी पद्धत सुरू करणारं आपलंच ऑफिस पहिलं असेल," म्हणाल्या. कल्पना माझी होती हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

१० फेब्रुवारी, सोमवार

खिडकी रिकामी! डबा निवांत खाल्ला.

दुपारी एक तरुण बाई आली आणि कार्ड माझ्यासमोर आपटून म्हणाली, "बाई, हे पाकिटात नाय घालता येत होतं?" मी विचारलं, का? "का म्हणजे? पोस्टमन आमच्या चाळीत वर चढत नाय. खालच्या पिठाच्या गिरणीत टपाल टाकतो. गिरणीवाल्याने वाचलं, दळणाला आलेल्यांनी वाचलं, मग अख्ख्या गॅलरीने वाचलं. माझ्या हातात आलं तेव्हा त्याच्यावर पीठ होतं. सगळ्यात शेवटी मलाच कळलं."

मी सांगितलं, की ह्यात लपवण्यासारखं काही नाही, नोकरी न मिळणं हा गुन्हा थोडाच आहे. ती म्हणाली, "तुमी ऱ्हावा एकदा आमच्या चाळीत," आणि तरातरा गेली. लोकांना उत्तर दिलं तरी त्रास, नाही दिलं तरी त्रास.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिला माणूस आला ज्याने आभार मानले. भांडुपचा सहदेव म्हणून गृहस्थ, कापड गिरणीतून निवृत्त, आता एका सोसायटीत वॉचमन. पांढरी टोपी, स्वच्छ सदरा, बोलणं नम्र. खिशातून आमचं कार्ड काढून त्याने ते खिडकीवर नीट पसरलं.

"बाई, ह्या खरां ना? तुमच्याच हापिसाचा ना?"

मी शिक्का बघून म्हटलं, हो, आमचंच.

"बरां केलात कळवलात. वरीस झाला, आम्ही वाट बघीत होतो. आता आमका आमचा ठरवूक येईल." हात जोडून गेला.

कार्ड त्याच्या घरातल्या कोणा बाईच्या नावाचं होतं. नाव मी बघितलंही नाही. मॅडमना लगेच आत जाऊन सांगितलं. त्यांनी ते आपल्या अहवालात लिहून घेतलं. लोकांना स्पष्ट उत्तर हवं असतं, हे मी पहिल्यापासून म्हणत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याच भरात ऑफिसातून दिंडोशीला फोन लावला. त्यांच्या शेजारी फोन आहे, मुलाच्या वडिलांना बोलावून घेतलं. आधी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मी म्हटलं, "हो की नाही तेवढं सांगा." मग म्हणाले, नाही. मुलाचं दुसरीकडे जमलंय, साखरपुडाही झाला.

रात्री जेवताना सांगून टाकलं. शेजारच्या द्रौपदीकाकू विरजण मागायला आल्या होत्या, त्याही होत्या. सुगंधा म्हणाली, "बरं झालं, वहिनी, विचारलंस ते." पानातलं सगळं संपवलं, भांडी घासली. मला वाटलं होतं रडेल. शहाणी मुलगी आहे. सासूबाईंनी मात्र जेवण अर्धवट टाकून पान सरकवलं आणि नागोठण्याच्या बिजवराचा विषय पुन्हा काढला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

भांडुपची जानकी आली, तीच, गेल्या महिन्यात हसून गेलेली. आज हसली नाही. खिडकीच्या गजाला धरून हळू आवाजात म्हणाली, "बाई, माका एक कागद देशात? अजून ठरूक नाय, असो?"

मी म्हटलं, तुम्हाला कार्ड गेलं असेल. गेलं, म्हणाली. तिच्या आधी तिच्या मोठ्या दिराने वाचलं. दिराचं नाव सहदेव.

मी तिला आत बोलवून स्टुलावर बसवलं. मग तिने सगळं सांगितलं. नवरा दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. खोली सासऱ्यांच्या नावावरची, त्यात दिराचा संसार आणि ह्या दोघी. दिराच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याला खोली हवी. दिराचं म्हणणं, जानकीने पोरीला घेऊन गावी जावं, तिथे सासू एकटी आहे, घर आहे, चार झाडं आहेत. माणूस वाईट नाही, हे तिनेच मला दोनदा सांगितलं. पण गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा खाडीपलीकडे. तिथे पोरीला कोणी पाठवणार नाही, वर्ष-दोन वर्षांत तिचं लग्न लावून टाकतील. जानकीचंही तसंच झालं होतं.

"भावोजी जाऊक सांगत, तेव्हा मी सांगी, हापिसातून कळवूक नाय, कळवतले. मग ते गप ऱ्हवत. सरकारी नोकरी लागत असात तर कोण जा म्हणताला? वरीस काढलंय तसा. शकु आठवीत जाईपर्यंत निभावला असता." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी कार्ड धाडलात आणि झाला. मे महिन्यात सगळी गावाक जातली. आमची परतीची तिकिटां नाय काढूची."

 मग मी बोलले ते नियमाचं बोलले. निर्णय झालेला असताना झाला नाही असं लिहून देता येत नाही. खोटा दाखला होतो. माझी नोकरी जाईल.

"बरोबर आसा," ती म्हणाली आणि उठली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डोकं दुखतंय. माझी काय चूक? एक वर्ष ती ज्या आधारावर राहिली तो आधारच नव्हता, नुसता आमचा आळशीपणा होता. मी खरं तेच कळवलं. मॅडमना सांगितलं तर त्या खिन्न झाल्या, पण त्याही म्हणाल्या, "खरं सांगितलं त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटून घेतच नाहीये. पण तो टोपीवाला हात जोडून गेला ते सारखं डोळ्यांपुढे येतंय.

२ मार्च, रविवार

सुगंधा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. पाणी भरायला सगळ्या बायका परतल्यावर जाते. दिंडोशीच्या मंडळींपुढे नेसलेली नवी निळी साडी तिने कारखान्यातल्या मैत्रिणीला देऊन टाकली. आज डाळ निवडताना मी विचारलंच, माझ्यावर रागावलीस का? मी तर तुझ्यासाठीच फोन केला होता.

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं ते नाही म्हणणार. मुलाने एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाही."

"मग?"

"मग काय, वहिनी. महिनाभर घरात मला कोणी काही बोललं नाही. आई गप्प होती. नागोठण्याचा विषय बंद होता. छान गेला तो महिना. अजून एखादा मिळाला असता." मग म्हणाली, "आणि सांगायचंच होतं तर द्रौपदीकाकू गेल्यावर सांगायचं."

मी डाळीतला खडा शोधत बसले. मला खरंच वाटलं होतं, की सगळ्यांसमोर बोललं म्हणजे मनात काही राहत नाही.  सासूबाईंना मात्र मी स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, की बिजवराला या घरातून हो जाणार नाही, मी आहे तोवर नाही. त्यांनी तोंड फिरवलं. फिरवू देत.

५ मार्च, बुधवार

मॅडमकडे गेले आणि म्हटलं, नकाराची पत्रं यापुढे बंद पाकिटातून गेली पाहिजेत, आणि उमेदवाराशिवाय कोणालाही खिडकीवर काही सांगायचं नाही, नवरा असो, दीर असो. सहदेवला कार्ड खरं आहे असं मीच सांगितलं, हेही सांगितलं. लेखा शाखेशी भांडण झालं. भांडण मला जमतं. पाकिटं मंजूर झाली.

पण गेलेली कार्डं परत येत नाहीत.

१७ मार्च, सोमवार

नव्या भरतीची जाहिरात फलकावर लागली. रुग्णालयांसाठी बदली आया. कायमची बाई रजेवर गेली की बदलीला बोलवायचं, पुढेमागे त्यातूनच कायम करतात. चौथी पास चालते. पगार रोजावर. मी ती जाहिरात दोनदा वाचली.

भांडुपला निरोप पाठवावा असं फार वाटलं. पण एकीला निरोप धाडला तर उरलेल्यांनी काय घोडं मारलंय? नाही पाठवला.

२४ मार्च, सोमवार

जानकी आपणहून आली, पोरीला घेऊन! शाळा सोडल्याचा मूळ दाखला अर्जासोबत जोडला होता तो परत न्यायला. उद्या होळी. दीर शिमग्याला गावी गेलेत, म्हणून तिला जरा सवड मिळाली. दाखला तिच्या हातात दिला आणि त्याच्यावर कोरा अर्ज ठेवला.

"ह्या काय?"

"नवी भरती. फलकावर लागलीय, कोणीही भरू शकतं. भरा."

तिने अर्ज उलटसुलट पाहिला. "परत नाय म्हणतले."

"म्हणतील कदाचित. पण आज नाही म्हणणार."

"मग कधी?"

मी म्हटलं, छाननी, मुलाखती, मोठ्या साहेबांची सही. बदलीच्या भरतीला मागच्या खेपेला दीड वर्ष लागलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाकावर जाऊन बसली आणि अर्ज भरला. सावकाश, एकेक अक्षर काढत. पोरीने वय आणि तारखा सांगितल्या.

मी तिला म्हटलं, मुलाखतीची तयारी मात्र नीट करा. मागच्या खेपेला विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुम्ही मान वर करून दिलं नव्हतं, तुमच्या जुन्या अर्जावर तसा शेरा आहे. "खरंच मिळवायची आहे ना नोकरी?" ती म्हणाली, "आता तर व्हयीच."

२७ मार्च, गुरुवार

अर्ज मिळाल्याची पोच प्रत्येकीला पाठवायची, असा मॅडमचा नवा नियम. तीही आता पाकिटातून. साडेतीनशे पाकिटं आज बंद केली. मजकूर असा, "बदली आया या पदासाठी आपला अर्ज मिळाला असून तो विचाराधीन आहे." अक्षरन् अक्षर खरं.

जानकीचं पाकीट मी बाजूला ठेवलं. कपाटात जुन्या कार्डांपैकी काही कोरी उरली होती, त्यातलं एक काढलं. टाक घेऊन तोच मजकूर मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिला, चष्म्याशिवायही वाचता येईल असा. खाली ऑफिसचा गोल शिक्का मारला, दोनदा. धाकूने विचारलं, "बाई, ह्या एकटीलाच कार्ड का?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? टाक पेटीत."

त्यांच्या चाळीतही टपाल असंच दहा हातांतून फिरतं, हे मी तिला विचारून घेतलं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

रविवारी ठाण्याची मंडळी सुगंधाला बघून गेली. उठताना म्हणाली, "कळवतो." ह्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "तू फोन करशील ना?" मी म्हटलं, ऑफिसचा फोन बिघडलाय. सुगंधा आत कप विसळत होती, हसल्यासारखी वाटली. फोन गेल्याच आठवड्यात दुरुस्त झालाय.

आज खिडकीवर सहदेव आला. तीच टोपी, तोच सदरा. कार्ड खिशातून काढून त्याने पूर्वीसारखंच पसरलं. त्यावर हळदीचं बोट लागलं होतं आणि एक घडी पडली होती, म्हणजे बरंच फिरलेलं दिसत होतं.

"बाई, अख्खी चाळ माका विचारता, भावजयीक नोकरी लागता म्हणे. ह्या विचाराधीन म्हणजे काय?"

"उमेदवाराशिवाय कोणाला काही सांगता येत नाही."

"मी तिचो थोरलो दीर."

"असाल. नियम आहे. कार्डावर लिहिलंय तेवढंच."

तो विचारात पडला. टोपी काढली, परत घातली. मला त्याच्याबद्दल राग नव्हता. पोराचं लग्न, एक खोली, त्यालाही कुठे जागा आहे. "मे महिन्यात आमी गावाक जातंव," तो म्हणाला. "ती आणि पोर थंयच ऱ्हवली तर?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. सगळ्यांना लागू असलेला एक नियम सांगते. मुलाखतीला बोलावल्यावर उमेदवार हजर नसेल तर अर्ज रद्द होतो. मग पुन्हा संधी नाही."

तो कार्डावर बोट ठेवून पुन्हा वाचू लागला. मागे रांग वाढत होती. शेवटी त्याने कार्ड नीट घडी करून खिशात ठेवलं.

"म्हणजे तेंची परतीची तिकिटां काढूक व्हयी."

 पेन उघडलं, बंद केलं.

"पण बाई, मुलाखतीक कधी बोलवतले? जून? दिवाळी?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "कळवू."